ड्रायर का थडथडतो? पिळ्यांचा आणि चाकांचा बेळगावी इतिहास

गेल्या श्रावणात आमच्या घरातल्या ड्रायरने असा काही आवाज धरला, की शेजारच्या काकू विचारायला आल्या, "वरच्या मजल्यावर काम काढलंय काय ओ?" काम काढलेले नव्हते. दोन पिंपांचे आमचे जुने मशीन मागच्या अंगणात फरशीवर नाचत होते. धुण्याचे पिंप व्यवस्थित होते. पिळण्याचे पिंप, ज्याला आपल्याकडे सगळे सरसकट ड्रायर म्हणतात, ते सुरू केले की आधी थडथड, मग खरखर, आणि थांबताना पुन्हा मोठी थडथड. घरातल्या तरुण मंडळींचा निकाल तयार होता: भंगारात द्या, नवे घ्या. आईचे म्हणणे एवढेच होते, की नवे येईपर्यंत पिळे कोण पिळणार? तिच्या मनगटांत संधिवात आहे, आणि हे मशीन मुळात त्या मनगटांसाठीच घेतले होते.

या आवाजाच्या मागे लागलो आणि एका जुन्या गोष्टीत शिरलो. ती अर्धी बेळगावची आहे आणि अर्धी जगाची. स्मरणिकेसाठी ती लिहून काढली.

आपल्या भागात कपडे वाळवणे ही साधी बाब कधीच नव्हती. मृग लागला की हस्तापर्यंत ऊन पाहुण्यासारखे येते. सह्याद्रीच्या माथ्यावर आंबोलीला वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खानापूर, चोर्ला या बाजूनेही तोच प्रकार. तिथून पूर्वेला सरकत बेळगावात येईपर्यंत पाऊस पुष्कळ कमी होतो, पण ओल तीच राहते. निपाणीकडे आणखी उतरतो, तरी तंबाखूच्या वखारीत काम करून आलेल्या बाईला खकाण्याने भरलेले लुगडे रोज धुवावेच लागे, आणि ते दुसऱ्या दिवशी कोरडे हवे असे. दोनच लुगडी असलेल्या घरात हा प्रश्न काय असतो, हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको.

जुन्या घरांतली उत्तरे ज्येष्ठांना आठवत असतील. माजघरात आढ्यालगत सोवळ्याची वलणी असे आणि धोतर, पातळ काठीने तिच्यावर चढवायचे. हात लागू नये हे एक कारण झाले. दुसरे कोणी बोलत नसे: चुलीची ऊब वर साठते, म्हणून आढ्यालगतचे कापड आधी वाळते. बाळाची दुपटी शेगडीवर उपड्या घातलेल्या बुरडाच्या टोपलीवर पसरत, खाली निखारे आणि चिमूटभर धूप. मोठ्यांचे कपडे मात्र पिळ्यांच्या जोरावरच वाळत. दोघींनी चादरीची दोन टोके धरून उलट्या दिशांनी पीळ द्यायचा, आणि शेवटचा थेंब निघेपर्यंत सोडायचे नाही. पाणी काढण्याचे सगळे काम मनगटाचे होते. ऊन, वारा, निखारा हे त्यानंतरचे.

मनगटाऐवजी फिरण्याचा जोर वापरावा ही कल्पना युरोपातल्या कापड गिरण्यांची. 1830 नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये पेन्झोल्ट नावाच्या माणसाने भोके पाडलेले पिंप वेगाने फिरवून ओले कापड निथळवण्याचे यंत्र काढले. ओली छत्री दारात गरकन फिरवली की थेंब बाहेर उडतात, तेच तत्त्व. गिरण्यांत त्याला हायड्रो एक्स्ट्रॅक्टर म्हणू लागले. इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमध्ये आजही कामगार 'हायड्रो' म्हणतो तो हाच. त्या गावात 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, आणि पुढे अवघा परिसर मागांच्या खटखटाटावर जगू लागला. आपल्याकडे शहापूर, वडगाव, खासबागच्या विणकरांच्या गल्ल्यांतून वाढलेल्या माणसाला यंत्राचा आवाज ओळखायला कोणी शिकवत नाही. आवाज बदलला की झोपेतूनही जाग येते.

हेच पिंप साखरेतही शिरले, आणि तिथे ते आपल्या दाराशी येऊन उभे राहिले. पूर्वी साखरेचे दाणे आणि मळी वेगळी करायची म्हणजे ती शंकूच्या आकाराच्या भांड्यांत भरून आठवडेच्या आठवडे निथळत ठेवावी लागे. 1851 च्या सुमारास हवाई बेटांवर डेव्हिड वेस्टन याने फिरते पिंप या कामाला लावले, आणि आठवड्यांचे काम मिनिटांवर आले. बेळगाव जिल्ह्यात 1939 साली शिरगावकर बंधूंनी उगारला साखर कारखाना उभा केला; नंतर संकेश्वरचा हिरण्यकेशी, निपाणीचा हालसिद्धनाथ, चिकोडीचा दूधगंगा-कृष्णा असे सहकारी कारखाने आले. या प्रत्येक कारखान्यात सेंट्रिफ्यूगलचा एक मजला असतो. तिथे पिंपे मिनिटाला हजाराच्या वर फेरे घेतात, मळी जाळीतून बाहेर जाते आणि आत पांढरी साखर राहते. ज्यांच्या घरातला कोणी गाळपाच्या हंगामात तिथे पाळीवर होता, त्यांच्या घरी ड्रायर फार आधीपासून माहीत होता म्हणायला हरकत नाही. फक्त त्यात कपडे नव्हते.

आता आवाजाकडे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत चांगला भाग हाच आहे.

वेस्टनने पुढे एक युक्ती केली. पिंप खालून घट्ट रोवण्याऐवजी ते वरून टांगले, आणि टांगणीला थोडी हालचाल करू दिली. कारण पिंपात माल कधीच सारखा पसरत नाही. एका बाजूला थोडा जास्त बसतो, आणि घट्ट रोवलेले पिंप त्या जास्तीच्या वजनाने सगळा सांगाडा हादरवते. आपल्या घरातला हिशेब करून पाहा. ड्रायरचे पिंप मिनिटाला साधारण 1400 फेरे घेते आणि त्याची त्रिज्या 12 सेंटीमीटर धरू. त्या वेगाला काठावरच्या कपड्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे 260 पट ओढ येते. एका बाजूला 200 ग्रॅमचा ओला पंचा जास्त झाला, आणि पिंपाचा आस घट्ट जखडलेला असला, तर तो आस 50 किलोहून अधिक जोराने, आणि तोही सेकंदाला तेवीस वेळा दिशा बदलत, खेचला जाईल. मशीन नाचेल नाहीतर काय करील!

पण टांगलेल्या किंवा स्प्रिंगवर बसवलेल्या पिंपाचे वागणे वेगळे असते. वेग वाढताना एक टप्पा असा येतो की फेऱ्यांचा ताल आणि स्प्रिंगचा स्वतःचा ताल जुळतात. झोपाळ्याला नेमक्या क्षणी धक्का देत राहावे तसे होते आणि थडथड वाढते. 1869 साली ग्लासगोचे प्राध्यापक रँकिन यांनी फिरत्या दांड्यांवर लिहिताना निष्कर्ष काढला, की या टप्प्याच्या पलीकडे दांडा स्थिर फिरूच शकणार नाही. माणूस मोठा, त्याचा शब्द मोठा. पुष्कळांनी तो मानला. स्वीडनच्या गुस्ताफ द लावालने मात्र दुधातून साय काढणारी आणि वाफेवर फिरणारी यंत्रे बनवताना मुद्दाम बारीक, लवचिक दांडा घेतला आणि 1889 च्या सुमारास तो टप्पा ओलांडून दाखवला. पलीकडे शांतता होती! टप्पा ओलांडला की फिरणारी वस्तू आपल्या आकाराच्या मध्याभोवती फिरायचे सोडते आणि आपल्या वजनाच्या मध्याभोवती फिरू लागते. असे का होते याचे गणित जर्मनीत फॉपल यांनी 1895 मध्ये मांडले, आणि 1919 मध्ये जेफकॉट यांच्या लेखानंतर ते इंजिनियरांच्या सर्वसाधारण ज्ञानात आले. म्हणजे हातांनी केलेले काम पुस्तकांतून सगळ्यांना समजायला तीसेक वर्षे लागली.

घरचा ड्रायर सुरू करून हे ऐका. आधी थोडी थडथड, मग एकदम सलग घुंऽऽ आवाज, आणि थांबताना पुन्हा थडथड. ही दोन्ही वेळची थोडीशी थडथड हा बिघाड नव्हे. तो रँकिनचा टप्पा आहे, एकदा चढताना आणि एकदा उतरताना. बिघाड म्हणायचा तो ही थडथड लांबली, किंवा पूर्ण वेग आल्यावरही राहिली, तर.

बेळगावात चाकाचा डोलणे काढण्याची विद्या जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर 1869 साली याच जिल्ह्यात गुर्लहोसूरला जन्मले. मुंबईत यांत्रिक चित्रकला शिकवता शिकवता त्यांना सायकलीचे वेड लागले, आणि 1888 मध्ये भाऊ रामूअण्णांबरोबर बेळगावात 'किर्लोस्कर ब्रदर्स' हे सायकलीचे दुकान उघडले. ज्या रस्त्यावरून आपण खरेदीला जातो तो किर्लोस्कर रोड त्यांचाच. कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर असे ते वाढत गेले. पुढे शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी बोलावले आणि 1910 मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. गाव म्हणून आपण त्या वेळी काय गमावले, यावर इथल्या कट्ट्यांवर अजून हळहळ होते. माझे मत थोडे वेगळे आहे. कारखाना गेला, पण यंत्राला हात लावायची भीती या गावातून गेली ती गेलीच. नंतर उद्यमबागेत ओतशाळा आणि क्रँकशाफ्टचे कारखाने उभे राहिले, ते अशाच गावात राहू शकतात.

सायकलवाला 'आउट' काढतो हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. चाक उलटे टांगायचे, फिरवायचे, फोर्कजवळ खडू धरायचा, कुठे घासतो ते पाहून आरा कसायचा. तो आउट आकारातला असतो. क्रँकशाफ्टचा किंवा ड्रायरचा आउट वजनातला, म्हणून तो डोळ्यांना दिसत नाही, यंत्रावर फिरवून शोधावा लागतो. अशा तोलाच्या यंत्राचे पेटंट 1870 मध्ये कॅनडाच्या मार्टिन्सन याने घेतले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या शेंक कंपनीने ती यंत्रे कारखान्यांपर्यंत पोहोचवली. क्रँकशाफ्टला जड बाजूला भोक पाडून तोल आणतात. ड्रायरमध्ये भोक पाडता येत नाही, कारण प्रत्येक धुण्याला जड बाजू बदलते. तिथे तोल आणायचा तो कपडे भरणाऱ्याच्या हाताने.

उद्यमबागेत आयुष्य गेलेले, आता निवृत्त झालेले एक मिस्त्रीमामा आमच्या गल्लीत राहतात. त्यांना बोलावले. त्यांनी हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. आधी स्टूल घेऊन बसले आणि म्हणाले, "चालू करा बघू." ऐकले. बंद करायला लावले. मग रिकामेच चालू करायला लावले. पुन्हा ऐकले. "मोटार ठीक हाय की ओ," म्हणाले, "लोक पयलं मोटारीवरच जातात."

रिकामे फिरवून ऐकणे ही पहिली पायरी, आणि निम्मा निकाल तिथेच लागतो. रिकामे शांत फिरले आणि भरल्यावर थडथडले, तर दोष भरण्यात आहे. एकटी जाड चादर, एकटा टॉवेल, किंवा जीन्सचा गोळा एका बाजूला कोंबलेला. कपडे काठाकाठाने सारखे दाबून बसवायचे आणि त्यावर ती छोटी प्लॅस्टिकची गोल जाळी ठेवायची. बहुतेक घरांत ही जाळी पहिल्या वर्षीच हरवते किंवा साबण ठेवायला जाते. ती नसली की वरचा रुमाल उडून पिंप आणि बाहेरची टाकी यांच्या फटीत जातो. तिथे गेलेले नाणे टणटण वाजते, रुमाल घासत राहतो. मशीनचे चारही पाय फरशीला टेकले आहेत का, हेही याच वेळी हलवून पाहावे. आपल्या मागच्या अंगणांना पाणी जाण्यासाठी उतार ठेवलेला असतो, हे मशीन विकणाऱ्याला ठाऊक नसते.

रिकामेही थडथडले, तर मशीनच्या आत पाहावे लागते. मामांनी आधी प्लग काढून हातात घेतला. स्विच बंद करणे पुरेसे नाही, आणि मोटारीचा कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ विजेचा धक्का देऊ शकतो, म्हणून त्याच्या टोकांना हात लावायचा नाही. मागचे झाकण उघडले. ड्रायरची मोटार तीन स्प्रिंगांवर बसलेली असते आणि स्प्रिंगांच्या पोटात रबर असते. आमच्या एका स्प्रिंगचे रबर भुगा झाले होते. वेस्टनने टांगून साधले ते इथे या तीन पायांवर साधलेले. त्यातला एक लंगडा झाल्यावर रँकिनचा टप्पा लांबणारच.

थांबतानाच्या मोठ्या थडथडीचे कारण वेगळे निघाले. ड्रायरचे झाकण उघडले की एक तार ढिली होते आणि ब्रेक मोटारीखालच्या चकतीला धरतो. पिंप झटकन थांबावे हा हेतू, म्हणजे हात आत जाण्याआधी ते थांबते, आणि डुलण्याचा टप्पाही पटकन पार होतो. आमचा ब्रेक झिजून धरेनासा झाला होता. त्यामुळे पिंप रेंगाळत थांबे आणि वाटेत त्या टप्प्यावर मनसोक्त नाचून घेई. उलट प्रकारही होतो: तार ताणून ब्रेक पुरता सुटत नाही, मग किंचाळल्यासारखा आवाज आणि जळक्या रबराचा वास येतो. मोटार नुसती हुंकार देते पण फिरत नाही, तेव्हाही आधी ब्रेक अडकला आहे का ते पाहावे, मग कॅपॅसिटर. मामांनी एक गोष्ट आईला दोनदा बजावली. ब्रेक गेलेल्या ड्रायरमध्ये पिंप पूर्ण थांबेपर्यंत हात घालायचा नाही. फिरणारा पदर किंवा बाही मनगटाला वेढा घालते आणि सोडत नाही.

खरखर राहिली होती. ती पिंपाच्या तळाशी असलेल्या रबरी सीलची. तिथून पाणी झिरपून बुशात गेले आणि गंज धरला. खाली मोटारीवर तांबूस ओघळ दिसले की समजावे. हा आवाज दुर्लक्षिला तर पुढे मोटारही जाते, म्हणून तीन आवाजांत सर्वांत तातडीचा हाच. थडथड मोठी असते म्हणून आपण तिला घाबरतो, आणि खरखर बारीक असते म्हणून चालवून घेतो. शिवाय मागच्या वायरी उंदराने कुरतडल्या होत्या. तो आवाजाचा विषय नव्हे, पण पावसाळ्यात ओल्या फरशीवर ते फार वाईट. तळाला बारीक जाळी मारून घेतली.

आमच्या एका नातलगांची मुलगी न्यू जर्सीत असते. तिला फोनवर हे सांगत होतो तर ती म्हणाली, "काका, आमचा ड्रायरपण किंचाळतोय, त्याचं रबर बघू का?" तिथला ड्रायर हे वेगळेच यंत्र आहे. तो पाणी पिळत नाही, गरम हवेने वाळवतो आणि मिनिटाला जेमतेम पन्नासेक फेरे घेतो. त्याचा पूर्वज म्हणजे 1800 च्या सुमारास फ्रान्समध्ये पोशाँ याने केलेले, शेकोटीवर हाताने फिरवायचे भोकांचे पिंप. शेगडीवरच्या आपल्या टोपलीला दांडा लावला तर तसेच दिसेल. अमेरिकेत नॉर्थ डकोटाच्या रॉस मूर याने विजेवर आणि गॅसवर चालणारा ड्रायर रचला आणि 1938 पासून तो 'जून डे' नावाने विकला गेला. हिवाळ्यातही जूनचे ऊन, असा अर्थ. आपल्याकडे जून म्हणजे ऊन संपण्याचा महिना, त्यामुळे हे नाव इथे खपले नसते! त्या ड्रायरमध्ये किंचाळतात ते पिंपाखालचे रोलर किंवा पट्टा ताणणारी कप्पी, आणि धपधप करतो तो झिजलेला पट्टा किंवा रोलर. तिला मी एवढेच सांगितले, की आधी कापसाच्या भुगीची जाळी आणि मागची नळी साफ कर, कारण साठलेली भुगी तापून पेट घेऊ शकते. बाकी तिथल्या मिस्त्रीला बोलाव.

आपल्याकडे हे दोन पिंपांचे मशीन ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून घरोघर येऊ लागले. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनची त्या काळातली जाहिरात अनेकांना आठवत असेल. पुढे गोव्यात वेर्ण्यालाही धुलाई यंत्रांचा कारखाना झाला, घाट उतरला की तिथे. दोन पिंपांचे मशीन आपल्याकडे टिकले याचे कारण, माझ्या मते, पाण्याची वेळ आणि विजेची वेळ जुळली नाही तरी त्याचे चालते. नळाला पाणी असताना धुवायचे, वीज आल्यावर पिळायचे.

मामांनी रबर, ब्रेकचा तुकडा आणि सील बाजारातून आणवले. एका सकाळचे काम झाले. जोडणी झाल्यावर त्यांनी स्वतः एकही कपडा घातला नाही. आईलाच म्हणाले, "काकू, तुमी भरा. हे तुमच्या हातानं शिकायचं काम हाय." आईने हरितालिकेच्या पूजेचे धुतलेले पातळ, दोन पंचे आणि गणपतीच्या पाटावर घालायचे लाल वस्त्र काठाकाठाने बसवले, वर जाळी ठेवली आणि झाकण लावले. थोडी थडथड झाली. मामांनी बोट वर केले, थांबा म्हणून. मग घुंऽऽ असा सलग आवाज लागला, आणि आत स्वयंपाकघरात चहा ठेवल्याचे त्या आवाजातही ऐकू आले.